नाकतोड्यांच्या सर्वेक्षणात माश्यांचीही नोंद व्हावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नाकतोडे किंवा टोळ यांचा उपद्रव वाढला की वृत्तपत्रांत काही आकडे हमखास छापून येतात. बाधित क्षेत्र किती, फवारणी किती हेक्टरवर झाली, औषध किती लागले आणि किती यंत्रे कामाला लावली, हे वाचकाला कळते. परंतु त्या नाकतोड्यांपैकी किती आधीच आपल्या नैसर्गिक शत्रूंच्या तावडीत सापडले होते, हा आकडा बातमीत तर नसतोच, आणि बहुतेक वेळा बातमी ज्या सर्वेक्षणावर आधारलेली असते त्यातही नसतो. या शत्रूंमध्ये पक्षी, सरडे, कोळी, बुरशी असे अनेक आहेत आणि त्यांच्याविषयी थोडेफार लिहिले जाते. ज्यांच्याविषयी जवळजवळ काहीच लिहिले जात नाही अशा परोपजीवी माश्यांसाठी हे पत्र आहे. फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी या माश्यांचे प्रमाण तपासले जावे आणि ते लोकांना सांगितले जावे, अशी माझी मागणी आहे. तिच्यामागची कारणे सविस्तर मांडण्यासाठी आपण जागा द्यावी, ही विनंती.

माशी म्हटले की घाणीवर बसणारी आणि रोग पसरवणारी घरमाशीच बहुतेकांना आठवते, त्यामुळे माश्या वाचवा असे म्हणणाऱ्याकडे लोक आश्चर्याने पाहतात. पण ज्या माश्यांबद्दल मी लिहीत आहे त्या वेगवेगळ्या कुळांतल्या असून त्यांचे प्रौढ बहुधा फुलांवर, शेतात, माळरानावर आणि कुरणात आढळतात. काहींच्या अळ्या जिवंत नाकतोड्याच्या शरीरात वाढतात, तर काहींच्या अळ्या जमिनीत पुरलेली त्याची अंडी खातात. पहिल्या प्रकारातील माशी ही ऊ किंवा गोचीड यांच्यासारखी परोपजीवी नाही. गोचीड जनावराचे रक्त पिऊन त्याला जिवंत ठेवते, ही अळी मात्र आपली वाढ पुरी होईपर्यंतच यजमानाला जगू देते आणि तिच्या बाहेर पडण्याबरोबर किंवा त्यानंतर थोड्याच काळात तो मरतो.

यातील मांसमाश्यांचे कुळ सर्वांत परिचित आहे. जगभरात या कुळातील सुमारे ३,००० जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ जाती मेलेल्या प्राण्यांवर किंवा शेणावर वाढतात, परंतु ब्लेसॉक्सिफा या प्रजातीतील अनेक जाती जिवंत नाकतोड्यांवर हल्ला करतात. मांसमाशीची मादी अंडी घालत नाही. अंडी तिच्या पोटातच उबतात आणि ती थेट जिवंत अळी यजमानावर ठेवते. अंडे उबण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ आणि त्या काळातला धोका यामुळे टळतो. उत्तर अमेरिकेतील एका मांसमाशीविषयी विसाव्या शतकाच्या आरंभीच अशी नोंद झाली आहे की मादी उडत्या नाकतोड्याचा पाठलाग करून त्याला हवेतच धडकते आणि त्या क्षणी त्याच्या मागच्या पंखावर अळी सोडते. नाकतोडा बसलेला असताना त्याचे हे पातळ पंख पुढच्या जाड पंखांखाली घडी घालून झाकलेले असतात, म्हणजे ते फक्त उड्डाणातच उघडे पडतात, आणि माशी नेमकी तीच वेळ साधते. इवलीशी अळी पंखावरून सरकत त्याच्या मुळापाशी पोहोचते, तेथील मऊ पापुद्र्यातून आत शिरते आणि शरीरातील द्रव व चरबी यांवर पोसू लागते. उष्ण दिवसांत तिची वाढ साधारण आठवडा-दीड आठवड्यात पुरी होते. मग ती मानेजवळच्या किंवा पोटाच्या वलयांमधल्या मऊ भागातून बाहेर पडते, जमिनीत शिरते आणि तेथे तपकिरी, कठीण कोषात जाते. या काळात बाहेरून पाहणाऱ्याला नाकतोडा बराच वेळ धडधाकट वाटतो. शेवटच्या टप्प्यात त्याची उडी तोकडी पडते, तो सुस्तावतो आणि हाताने सहज पकडता येतो.

मात्र माझ्या मते या सगळ्यांत अधिक लक्ष देण्याजोग्या माश्या नेमेस्ट्रिनिडी नावाच्या कुळात आहेत. हे कूळ लहान आहे, त्यात जेमतेम ३०० च्या आसपास जाती आहेत. पंखांवरील शिरांच्या गुंतागुंतीच्या जाळीवरून त्या ओळखल्या जातात, आणि फुलांवर एकाच जागी हवेत तरंगत राहण्याची त्यांची पद्धत पाहून पुष्कळदा त्या मधमाश्याच वाटतात. आफ्रिकेतील ट्रिकॉप्सिडिया कोस्टाटा ही जाती टोळांवर, तर उत्तर अमेरिकेतील ट्रिकॉप्सिडिया क्लॉसा आणि निओऱ्हिंकोसेफॅलस सॅकेनाय या जाती नाकतोड्यांवर वाढतात. या माश्यांची मादी यजमानाकडे जातच नाही. वाळलेल्या लाकडाच्या फटी, कुंपणाचे खांब, सुकलेल्या दांड्यांच्या भेगा अशा जमिनीपासून उंचावरच्या जागी ती अंडी घालते आणि एका मादीची अंडी हजारांच्या संख्येत असतात. अंड्यांतून निघालेल्या अतिसूक्ष्म अळ्या वाऱ्यावर उधळल्या जातात आणि जिथे पडतील तिथे नाकतोड्याचा शोध घेतात. त्यांपैकी बहुसंख्य अळ्यांना यजमान कधीच मिळत नाही आणि त्या मरून जातात. अंड्यांची संख्या इतकी प्रचंड असण्याचे कारण हेच आहे, आणि नाकतोड्यांची दाटी जितकी अधिक तितकी या अळ्यांना यजमान सापडण्याची शक्यता अधिक, हेही त्यातून समजते.

नाकतोड्याच्या शरीरात शिरल्यावर या अळीपुढे हवेचा प्रश्न उभा राहतो, कारण ती शरीरद्रवात पूर्ण बुडालेली असते. तो ती फार विलक्षण रीतीने सोडवते. तिच्या मागच्या टोकापासून यजमानाच्या शरीरभिंतीपर्यंत किंवा श्वासनलिकेपर्यंत एक लांब, वेटोळी नळी तयार होते आणि पाण्यात बुडी मारलेल्या माणसाने नळीतून श्वास घ्यावा तशी ती अळी या नळीतून हवा घेत राहते. नाकतोडा चिरून पाहिला तर ही नळी नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकते, आणि म्हणूनच या माशीचे प्रमाण मोजणे अवघड नाही. अळी यजमानाची चरबी संपवते, आणि चरबी संपली की मादी नाकतोड्याच्या अंडाशयाची वाढ खुंटते. नाकतोडा मरण्याच्या कितीतरी आधी त्याची पुढची पिढी थांबलेली असते. पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडून जमिनीत शिरते आणि थंड प्रदेशांत सबंध हिवाळा तेथे काढून पुढच्या हंगामात माशी होऊन वर येते.

वांझपणाच्या या मुद्द्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. सर्वेक्षण करणारे कर्मचारी चौरस मीटरमागे नाकतोडे मोजतात आणि त्या संख्येवरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधतात. पण मोजलेल्या माद्यांपैकी लक्षणीय भाग अळीग्रस्त असेल आणि अंडी घालूच शकणार नसेल, तर तो अंदाज मुळातच चुकीचा ठरतो. उभ्या पिकाचे आजचे नुकसान या माद्याही काही अंशी करतातच, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पुढच्या वर्षीचे संकट किती मोठे असेल हे ठरवताना जिवंत दिसणारी प्रत्येक मादी सारखीच धरणे शास्त्राला धरून नाही.

टॅचिनिडी हे परोपजीवी माश्यांचे सर्वांत मोठे कूळ, त्यात ८,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या फार थोड्या जाती नाकतोड्यांवर वाढतात, बाकीच्यांचा भर मुख्यतः पतंगांच्या अळ्यांवर असतो, म्हणून येथे त्यांचा एवढाच उल्लेख पुरे.

अंड्यांच्या शत्रूंकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. नाकतोड्याची किंवा टोळाची मादी आपल्या पोटाचे टोक जमिनीत खुपसून अंड्यांचा पुंजका घालते आणि वरचे छिद्र फेसाने बुजवते. हा फेस वाळून स्पंजासारखा होतो, तो अंड्यांना कोरडे पडू देत नाही आणि पिल्लांना वर येण्याचा मार्गही मोकळा ठेवतो. वाळवंटी टोळाचा असा अंडीपुंज ओलसर वाळूत साधारण १० सेंटीमीटर किंवा त्याहून खोल असतो आणि त्यात बहुधा ८० च्या आसपास किंवा त्याहून अधिक अंडी असतात. स्टोमोऱ्हिना ल्युनाटा ही करड्या रंगाची, पट्टेदार पोटाची लहान माशी टोळांच्या थव्यांमागोमाग जाते. टोळांच्या माद्या अंडी घालत असतात तेथेच ती जमते आणि ताज्या फेसात आपली अंडी घालते. तिच्या अळ्या फेसातून खाली उतरून टोळाची अंडी खातात. एकाच पुंजात अनेक अळ्या उतरल्या तर तो पुंज पूर्ण नष्ट होतो. उष्ण हवेत टोळाची अंडी साधारण दोन आठवड्यांत उबतात, म्हणजे अळीला आपले काम त्याआधी उरकावे लागते. ही माशी आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारतातही आढळते, आणि तिचे प्रौढ फुलांतील मकरंदावर जगतात.

दुसरा गट केसाळ, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या बॉम्बिलिडी कुळातील माश्यांचा. सिस्टोइकस प्रजातीतील माश्यांच्या अळ्या नाकतोड्यांच्या अंडीपुंजांत राहून एकेक अंडे शोषतात. उत्तर अमेरिकेत १८७० च्या दशकात रॉकी पर्वतीय टोळांनी जो हाहाकार माजवला, त्यानंतर १८७७ मध्ये अमेरिकी सरकारने कीटकशास्त्रीय आयोग नेमला. चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली, अल्फियस पॅकार्ड आणि सायरस थॉमस हे त्याचे सदस्य होते. या आयोगाच्या कामातून टोळांची अंडी खाणाऱ्या अनेक जीवांची माहिती पुढे आली आणि त्यांत या केसाळ माश्यांच्या अळ्याही होत्या. तोपर्यंत या माश्यांचे जीवनचक्र नीट कळलेले नव्हते. फुलांवर भिरभिरणारी निरुपद्रवी माशी आणि जमिनीखालची ती पांढरी, गुबगुबीत अळी ही एकाच जीवाची दोन रूपे आहेत हे तेव्हा स्पष्ट झाले. या अळ्या अंडी खाऊन झाल्यावर जमिनीतच सुप्तावस्थेत राहतात, कधी कधी एकापेक्षा अधिक वर्षे. नाकतोडे कमी असलेल्या वर्षांत या माश्या नाहीशा होत नाहीत याचे एक कारण हे आहे.

आता या माश्यांची मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण अतिशयोक्तीने या विषयाचे नुकसानच होईल. कोणत्याही परोपजीवी कीटकाची संख्या त्याच्या यजमानाच्या मागोमाग वाढते. नाकतोडे वाढले की पुढच्या हंगामात माश्या वाढतात आणि मधल्या काळात पिकाला फटका बसून गेलेला असतो. एखाद्या जागी अळीग्रस्त नाकतोड्यांचे प्रमाण शेकडा एक-दोन असते, तर दुसऱ्या जागी त्याच वर्षी ते कितीतरी पट असते. थव्याने उडणारे टोळ एका दिवसात १०० किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकतात, आणि त्यांच्या वेगाने माश्यांची पैदास होऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या माहितीनुसार वाळवंटी टोळांच्या एक चौरस किलोमीटर थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. असा थवा उतरलेला असताना माश्यांच्या भरवशावर हात बांधून बसा, असे कोणीही समंजस माणूस सांगणार नाही आणि मीही सांगत नाही. शिवाय माश्यांनाही शत्रू असतात. मांसमाश्यांच्या कोषांत अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या पुष्कळ आहेत. नाकतोड्याच्या रक्तपेशीही काही वेळा अळीभोवती वेढा घालून तिला गुदमरवतात. हे सगळे खरे आहे, आणि तरीही दोन उद्रेकांच्या मधल्या, बातमी न होणाऱ्या वर्षांत नाकतोड्यांची संख्या आवाक्यात ठेवण्यात या माश्यांचा वाटा असतो. तो वाटा गमावला तर उद्रेक लवकर आणि वारंवार होण्याची भीती असते.

एखादी परोपजीवी माशी आपल्या यजमानावर किती जबरदस्त दबाव आणू शकते, याचे एक उदाहरण नाकतोड्यांच्या जवळच्या नात्यातील रातकिड्यांमध्ये मिळते. ऑर्मिया ऑक्रेसिया ही टॅचिनिडी कुळातील माशी नर रातकिड्याच्या आवाजाचा वेध घेत अंधारात त्याच्यापर्यंत पोहोचते आणि त्याच्यावर व आसपास अळ्या सोडते. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर या माशीच्या उपद्रवामुळे रातकिड्यांचे नर मुके होत गेले. पंखांवरील आवाज काढणारी रचनाच नाहीशी झालेले नर तेथे वीसहून कमी पिढ्यांत बहुसंख्य झाले, असे मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. नाकतोड्यांच्या बाबतीत असे घडल्याचा दावा मी करत नाही. माशीची ताकद नगण्य आहे असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे, एवढेच सुचवायचे आहे.

फवारणीने या माश्यांचे काय होते, हा माझ्या पत्राचा गाभा आहे. सर्वच कीटकांना मारणारे औषध मोठ्या क्षेत्रावर सलग फवारले की तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. फुलांवर आणि गवतावर वावरणाऱ्या प्रौढ माश्या थेट मरतात. अळीग्रस्त नाकतोडा औषधाने मेला की त्याच्यातली अर्धवट वाढलेली अळीही त्याच्याबरोबर संपते. आणि जमिनीखाली सुरक्षित राहिलेल्या अंड्यांतून पुढे जी पिल्ले बाहेर येतात, त्यांना आपल्या शत्रूंपासून मोकळे रान मिळते. नाकतोड्याच्या एका मादीपासून पुढच्या हंगामात कितीतरी पिल्ले येऊ शकतात. माश्यांचे तसे होत नाही, कारण त्यांना आधी पुरेसे नाकतोडे लागतात. म्हणून फवारणीनंतर सावरण्याच्या शर्यतीत माशी मागे पडते. अंडीपुंज उघडे पाडण्यासाठी जमीन खोल नांगरण्याचा जुना सल्ला प्रभावी आहे आणि काही ठिकाणी आवश्यकही, परंतु त्यात अंडीपुंजांतील माश्यांच्या अळ्याही उन्हात येऊन मरतात. तेव्हा तो सरसकट सगळीकडे देण्याऐवजी अंडीपुंज तपासून द्यावा, असे माझे मत आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाचे जेफ्री लॉकवूड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात कुरणांसाठी एक पद्धत विकसित केली. तिच्यात सलग फवारणी न करता एक पट्टा फवारायचा आणि शेजारचा पट्टा मोकळा सोडायचा, तसेच औषधाची मात्राही कमी ठेवायची, असे तत्त्व आहे. नाकतोडे इकडून तिकडे फिरताना फवारलेल्या पट्ट्यात येऊन मरतात आणि मोकळ्या पट्ट्यांत माश्या, कोळी, भुंगेरे असे मित्रकीटक टिकून राहून उरलेल्या नाकतोड्यांचा समाचार घेतात. औषधाचा वापर निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटतो. नाकतोड्यांची मर सलग फवारणीच्या तुलनेत थोडी कमी राहते, पण पीक किंवा गवत वाचवण्याच्या हेतूला ती बहुधा पुरेशी असते. यात वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी डायफ्लुबेन्झुरॉन कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते आणि ते मुख्यतः पाला खाणाऱ्या पिल्लांच्या पोटात जाऊन काम करते, त्यामुळे फुलांवर जगणाऱ्या प्रौढ माश्यांवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो. मेटारायझियम ॲक्रिडम ही बुरशी तर टोळ आणि नाकतोडे यांच्यापुरतीच मर्यादित आहे. आफ्रिकेतील टोळांसाठी १९८९ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पातून तिचे व्यावसायिक उत्पादन पुढे आले, आणि २०२० च्या टोळधाडीत सोमालियात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. बुरशी सावकाश मारते, आठवडा-दोन आठवडे घेते, म्हणून थवा पिकावर येऊन ठेपल्यावर तिचा उपयोग मर्यादित आहे. पंख न फुटलेल्या पिल्लांच्या टोळ्यांवर मात्र ती उत्तम पर्याय आहे.

एका मोहाविषयी येथे सावध केले पाहिजे. माश्या उपयुक्त आहेत असे कळले की त्या परक्या प्रदेशातून आणून सोडाव्यात, असे सुचवणारे लोक लगेच पुढे येतात. कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा ही युरोपातील परोपजीवी माशी जिप्सी पतंगाच्या बंदोबस्तासाठी १९०६ पासून अमेरिकेत सोडण्यात आली. तिने तेथे पुढे १८० हून अधिक जातींच्या कीटकांवर हल्ला केल्याचे आढळले आणि त्यांत मोठ्या, देखण्या रेशीमपतंगांचाही समावेश आहे. नाकतोड्यांच्या बाबतीतही असाच वाद झाला होता. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत ऑस्ट्रेलियातील एक अंडीपरोपजीवी गांधीलमाशी सोडण्याच्या योजनेला लॉकवूड यांनी जाहीर विरोध केला, कारण हेस्पेरोटेटिक्स व्हिरिडिस नावाचा तेथील नाकतोडा गुरांना विषारी ठरणारे तण खातो आणि परका शत्रू त्यालाही सोडणार नाही, अशी रास्त शंका होती. जगात नाकतोड्यांच्या मुख्य कुळातच ६,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी पिकांना खरा उपद्रव देणाऱ्या जाती फार थोड्या आहेत. बाकीचे नाकतोडे पक्ष्यांचे खाद्य आहेत आणि गवताळ प्रदेशाच्या जीवनाचा भाग आहेत. म्हणून माझा आग्रह ज्या त्या प्रदेशात मुळातच असलेल्या माश्या राखण्याचा आहे. त्यासाठी शेताच्या कडेला फुलणाऱ्या रानवनस्पती सरसकट तणनाशकाने जाळू नयेत, कारण प्रौढ माशीला मकरंद मिळाला नाही तर तिचे आयुष्य आणि अंड्यांची संख्या दोन्ही घटतात.

माश्यांचे प्रमाण तपासण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, ही त्यातली चांगली बाजू आहे. वेगवेगळ्या जागांहून जिवंत नाकतोडे जाळीने पकडावेत, ते जाळीदार पिंजऱ्यात ताजा पाला देऊन ठेवावेत आणि तळाशी थोडी ओलसर माती पसरावी. बाहेर पडणाऱ्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि कोषातून निघालेल्या माशीवरून जात ओळखता येते. घाई असेल तर काही नमुने चिरून पाहावेत. अंड्यांसाठी जमिनीचे ठरावीक चौकोन खणून पुंज उघडून पाहावेत. यात दोन काळज्या घेणे मात्र अत्यावश्यक आहे. मेलेला नाकतोडा उघड्यावर पडला की साध्या मांसमाश्याही त्यावर अळ्या सोडतात, तेव्हा मृत कीटकात सापडलेल्या अळ्या परोपजीवी धरून मोजू नयेत, जिवंत पकडलेल्यांचीच गणना करावी. तसेच नाकतोड्याच्या पोटातून कधी कधी लांबलचक, पांढरट दोऱ्यासारखा जीव बाहेर येतो, तो सूत्रकृमी असतो, आणि पंखांच्या मुळाशी चिकटलेले लाल ठिपके म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले माइट असतात. त्यांची नोंद स्वतंत्र रकान्यात व्हावी.

ही तपासणी कृषी खात्यांनी आणि टोळ नियंत्रण यंत्रणांनी आपल्या नेहमीच्या पाहणीतच सामावून घ्यावी. पिल्ले लहान असताना एकदा आणि प्रौढ अंडी घालू लागल्यावर एकदा, अशी ती किमान दोन वेळा झाली पाहिजे, कारण सुरुवातीच्या पाहणीत माश्या जवळजवळ दिसतच नाहीत आणि त्यावरून त्या नाहीतच असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ज्या भागात अळीग्रस्तांचे प्रमाण मोठे आढळेल आणि पीक काढणीच्या जवळ असेल, तेथे फवारणी पुढे ढकलण्याचा किंवा पट्टे सोडून करण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला असावा. आज त्याच्यावर दबाव असतो तो किती क्षेत्र फवारले हे दाखवण्याचा, आणि फवारणी न करण्याचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय त्याच्या अहवालात कामचुकारपणा म्हणून गणला जाण्याची शक्यता असते. हा दबाव निर्माण करण्यात आपण वृत्तपत्रवाचकही सहभागी आहोत, कारण आपण फवारलेल्या हेक्टरांचा आकडा वाचून समाधान मानतो.

म्हणून आपल्या दैनिकाकडे माझी मागणी स्पष्ट आहे. यापुढे नाकतोडे किंवा टोळ यांच्या उपद्रवाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संबंधित अधिकाऱ्यांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पकडलेल्या नमुन्यांपैकी शेकडा किती नाकतोडे माश्यांच्या अळ्यांनी ग्रस्त होते, तपासलेल्या अंडीपुंजांपैकी किती पोखरलेले होते, आणि फवारणीत किती क्षेत्र मुद्दाम मोकळे सोडले. उत्तर मिळाले तर ते बाधित क्षेत्राच्या आकड्याशेजारी छापावे, आणि अशी तपासणी झालीच नसेल तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक